क्रेडिट कार्डाचं लिमिट वाढवायचंय? अर्जाच्या आधीचे सहा महिने नीट सांभाळा

शिकवणीची फी, शाळेची पुस्तकं आणि बी-बियाणं, तिन्ही खर्च जूनमध्येच येतात. मराठवाड्यातल्या बहुतेक घरांचा मोठा खर्च असा एकदमच अंगावर येतो आणि कार्डाचं लिमिट अपुरं आहे हे नेमकं तेव्हाच लक्षात येतं. मग घाईघाईत अर्ज जातो, दोन दिवसांत नकार येतो, आणि ‘आपल्या भागाला बँका लिमिट देतच नाहीत’ असं म्हणून माणूस गप्प बसतो. मी लातुरात प्राप्तिकराची विवरणपत्रं भरून देण्याचं काम करतो, त्यामुळं हे गाऱ्हाणं दर हंगामात कानावर येतं. माझ्या मते ते पूर्ण खरं नाही. अर्ज गेल्यावर बँकेपुढं सगळ्यात आधी येतो तो तुमच्या परतफेडीचा इतिहास आणि कागदावर दिसणारं उत्पन्न. या दोन गोष्टी आधीच लावून ठेवल्या असतील तर खुद्द अर्ज पाच मिनिटांचा असतो. म्हणून या लेखात अर्जाच्या आधीचाच भाग जास्त आहे.

सुरुवातीलाच एक घोळ मिटवू. किसान क्रेडिट कार्ड आणि हे कार्ड वेगळं. किसान क्रेडिट कार्ड १९९८ साली सुरू झालं, ते पीककर्जाचं खातं आहे. त्याचं लिमिट तुमची जमीन, पीक आणि त्या पिकाला ठरलेला कर्जदर यांवर बसतं, वाढत्या खर्चापोटी दर वर्षी १० टक्के वाढही त्यात धरलेली असते, आणि बदल करायचा तर सातबारा, आठ-अ घेऊन शाखेतच जावं लागतं. इथं बोलतोय ते दुकानात घासायच्या, ऑनलाइन वापरायच्या क्रेडिट कार्डाबद्दल.

आधी कारण तपासा

लिमिट वाढवायला दोन कारणं चांगली. एक, तुम्ही दर महिन्याला पूर्ण बिल भरता, पण खर्च लिमिटला टेकत आलाय. दुसरं, दवाखान्यासारख्या वेळेला हाताशी आधार हवा. संभाजीनगरला किंवा लातूरला पेशंट हलवला की आधी डिपॉझिट मागतात, आणि विमा असला तरी कॅशलेसची मंजुरी यायला वेळ लागतो.

पण मागची बाकी फिटत नाही म्हणून लिमिट हवं असेल, तर थांबा. समजा बिल ४०,००० रुपयांचं आहे आणि तुम्ही किमान देय रक्कम म्हणून ५ टक्के, म्हणजे २,००० रुपये भरले. उरले ३८,०००. महिना साडेतीन टक्क्यांनी त्यावर १,३३० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे साधारण २४०. म्हणजे ढोबळ हिशोबानं १,५७० रुपये असेच गेले आणि मुद्दल कमी झालं सव्वाचारशेनं. शिवाय बाकी पुढं ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. आज घेतलेल्या किराण्यावर आजपासूनच व्याज लागतं. अशा अवस्थेत वाढीव लिमिट मिळालं तर खड्डा तेवढाच खोल होतो. घरात सोनं असेल तर बँकेत तारण ठेवून कार्ड एकदाचं मोकळं करा. सोनेतारणाचं व्याज कार्डाच्या व्याजाच्या कितीतरी खाली असतं. घरात हे सांगणं अवघड जातं हे मला माहीत आहे, तरी सांगा.

पहिली पायरी: स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट वाचा

भारतात चार क्रेडिट ब्युरो, म्हणजे लोकांच्या कर्जाची आणि परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्था आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन पॅन आणि मोबाइल नंबर टाकायचा. मोबाइल नंबर बदलला असेल तर आधी बँकेत नवा नंबर नोंदवून घ्या, नाहीतर ओटीपी जुन्याच सिमवर जात राहील. स्वतः रिपोर्ट काढल्यानं स्कोअर कमी होत नाही, ही भीती काढून टाका.

स्कोअर, म्हणजे परतफेडीच्या इतिहासावरून ब्युरो देतो तो आकडा, ३०० ते ९०० मध्ये असतो. पण फक्त आकडा बघून रिपोर्ट बंद करू नका. खाली खात्यांची यादी असते, खरी माहिती तिथं आहे. आपल्याकडं तीन-चार गोष्टी हमखास सापडतात.

पहिली, मोबाइलच्या दुकानात हप्त्यावर घेतलेला फोन. शेवटचा हप्ता खात्यात पैसे नव्हते म्हणून परत गेला, माणूस विसरला, आणि दीड-दोन हजारांसाठी खातं थकीत दिसतंय. दुसरी, जामीनकी. गावात कुणाच्या ट्रॅक्टरच्या बँक कर्जाला सही दिलेली असते, आणि त्यानं हप्ते थकवले तर तुमच्याही रिपोर्टवर ते कर्ज दिसतं. तिसरी, पीककर्ज एकरकमी तडजोडीत मिटवलेलं. बँकेनं सूट देऊन खातं बंद केलं तर रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो. तुमच्या लेखी प्रकरण मिटलं, पण पुढच्या बँकेच्या लेखी पूर्ण पैसे आलेले नाहीत. चौथी, नावात नाव. एकाच नावाचे, एकाच तालुक्यातले दोघं असले की दुसऱ्याचं कर्ज तुमच्या नावावर चढल्याचीही उदाहरणं असतात. घरातल्या बाईनं बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्स कंपनीकडून कर्ज घेतलं असेल तर तिच्याही रिपोर्टवर बघून घ्या.

चूक सापडली तर त्याच ब्युरोच्या संकेतस्थळावर तक्रार टाका, पैसे लागत नाहीत. तीस दिवसांत निकाल लागला पाहिजे. त्यापुढं उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. आणि जे थकीत खरंच तुमचं आहे ते भरून टाका, भरल्यावर बेबाकी दाखला मागून घ्या. तो दाखला फाइलला लावून ठेवा, फोनमध्ये नुसता फोटो काढून भागत नाही.

दुसरी पायरी: वापराचं प्रमाण खाली आणा

लोक सगळ्यात जास्त इथं चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

वाळूजला कंपनीत असलेल्या एका मुलाचं उदाहरण घेऊ. पगार ३२,०००, कार्डाचं लिमिट ५०,०००. घरभाडं सोडून सगळा खर्च तो कार्डावर करतो, घरच्यांचा किराणा, गाडीचं पेट्रोल, बहिणीची फी, आणि आईवडिलांनी पाठवलेले पैसे धरून बिल पूर्ण भरतो. एका महिन्यात कार्डावर ४२,००० चढले. त्याच्या मते त्याची वागणूक चोख आहे, एक रुपया व्याज त्यानं कधी भरलेलं नाही. पण ब्युरोला काय दिसतं? ५० पैकी ४२ वापरले, म्हणजे ८४ टक्के. हा माणूस काठावर आलाय, असं ते वाचलं जातं.

बँका आता महिन्यातून निदान दोनदा ब्युरोला माहिती देतात. १ जानेवारी २०२५ पासून तसा नियम आहे. ज्या दिवसाची माहिती जाते त्या दिवशी कार्डावर जी बाकी उभी असेल ती नोंदली जाते. बिलाची मुदत अजून संपलेली नाही, पैसे खात्यात तयार आहेत, हे त्या नोंदीत येत नाही. उपाय सोपा आहे. बिल निघायची वाट न बघता महिन्यात दोनदा भरा. या मुलानं पगार झाल्या-झाल्या ३०,००० भरले असते तर बाकी १२,००० राहिली असती, म्हणजे २४ टक्के. खर्च तोच, भरणा तोच, फक्त तारीख बदलली. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवा असा सल्ला सगळीकडं दिला जातो. २८ आणि ३२ मध्ये आभाळ-पाताळाचा फरक नसतो, पण ८४ नको.

उलटा प्रकारही आहे. कार्ड कपाटात ठेवलंय, वर्षातून एकदा रिचार्ज केला. अशा कार्डाचं लिमिट बँक कशाला वाढवेल? तिला तुमची काही माहितीच नाही. छोट्या गावात कार्ड मशीन नसतं ही खरी अडचण होती, पण २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. किराणा दुकान, मेडिकल, कृषी सेवा केंद्र, जिथं दुकानदाराचा क्यूआर कोड आहे तिथं चालतं. माणसाच्या वैयक्तिक खात्यावर मात्र त्यातून पैसे पाठवता येत नाहीत. दुकानदार वरून दोन टक्के मागत असेल तर रोख किंवा साधं यूपीआय द्या, लिमिटच्या नादात दोन टक्के घालवू नका.

एक प्रकार मात्र अजिबात करू नका. ‘कार्ड घासा, रोख घ्या, तीन टक्के द्या’ असं सांगणारे प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. एकाच दुकानात गोल-गोल आकड्यांचे मोठे व्यवहार बँकेच्या नजरेत लगेच येतात, आणि मग लिमिट वाढायचं राहिलं बाजूला, आहे ते कमी होतं किंवा कार्डच बंद होतं. एटीएममधून क्रेडिट कार्डानं रोख काढणं नियमात आहे, पण त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज, वर वेगळं शुल्क, आणि बँकेला वाटतं माणूस पैशाला अडलाय.

तिसरी पायरी: देय तारीख पगाराशी जुळवा

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या सर-मॅडमना हे विशेष सांगतो. पगार एक तारखेला होईलच असं नाही, आणि कार्डाची देय तारीख तीन किंवा चार असली तर दर महिन्याला धाकधूक. काही जण हातउसने घेऊन बिल भरतात. याची गरज नाही. बिलाचं चक्र निदान एकदा तरी बदलून मिळण्याची सोय बँकेनं दिलीच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ॲपमध्ये किंवा फोनवर सांगून देय तारीख महिन्याच्या मध्याला नेऊन घ्या.

देय तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच उशिराचं शुल्क लावता येतं आणि ब्युरोला थकबाकी कळवता येते. ही सवलत आहे म्हणून दर महिन्याला वापरायची नसते. खात्यातून पूर्ण बिलाची रक्कम आपोआप कापली जाईल अशी सोय लावून घ्या. तिथं ‘किमान रक्कम’ आणि ‘पूर्ण रक्कम’ असे दोन पर्याय येतात, दुसरा निवडा. पहिला निवडून बसलेले आणि ‘माझं तर आपोआप कटतं’ म्हणणारे कितीतरी आहेत.

चौथी पायरी: उत्पन्न कागदावर आणा

नोकरदारांचं सोपं आहे. शेवटच्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, आणि पगार जमा होणाऱ्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा. शिक्षकांना पावती शालार्थमधून मिळते, राज्य सरकारच्या इतर कर्मचाऱ्यांना सेवार्थमधून. वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या स्टील कारखान्यात ठेकेदारामार्फत काम असेल तर पगार रोख न घेता खात्यावर घ्या, आणि पावती मागा. पावती न देणारा ठेकेदार असेल तर निदान खात्याचा उतारा बोलतो.

खरी अडचण व्यापारी आणि शेतकऱ्यांची. मोंढ्यात ज्याची वर्षाची उलाढाल डोळे दिपवणारी आहे, त्याच्या विवरणपत्रात साडेतीन लाख. कर वाचला म्हणून तो खूश असतो, आणि लिमिट ४० हजारांवरच अडकलं म्हणून बँकेवर नाराज. दोन्ही एकदम कसं होईल? बँक मागच्या दोन वर्षांची विवरणपत्रं बघते. यंदाच उत्पन्न एकदम तिप्पट दाखवून विवरणपत्र भरा असा आग्रह धरणारेही येतात. मी भरत नाही. खोटं विवरण हा कायद्याचा विषय झालाच, पण बँकसुद्धा खात्याच्या उताऱ्याशी आणि जीएसटीच्या विवरणांशी आकडे जुळवून बघते. जे खरं आहे ते पूर्ण दाखवा, दोन वर्षं सलग दाखवा. पैसे खात्यातून फिरवा.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण करमुक्त म्हणजे दाखवायचंच नाही असं नव्हे. विवरणपत्रात त्याचा वेगळा रकाना असतो. सोयाबीन आडतीला घातलं की मिळणारी पट्टी जपून ठेवा, आणि आडत्याकडून पैसे रोख न घेता खात्यावर मागा. ऊस असेल तर कारखान्याची बिलं खात्यावरच येतात, ते सोपं. हे सगळं करूनही एक सांगून ठेवतो: क्रेडिट कार्ड देणाऱ्या बऱ्याच विभागांना शेतीचं उत्पन्न कसं मोजायचं ते जमत नाही किंवा मोजायचं नसतं. शाखेतला साहेब तुम्हाला ओळखतो, पण कार्डाचा निर्णय शाखेत होत नाही, बहुतेक वेळा दूर कुठंतरी संगणकावर होतो. त्यामुळं निव्वळ शेती असणाऱ्यांना मी ठेवीवरचं कार्ड सुचवतो.

ते असं असतं. तुम्ही मुदत ठेव ठेवता, आणि तिच्या साधारण ७५ ते ९० टक्के रकमेचं लिमिट असलेलं कार्ड बँक देते. उत्पन्नाचा दाखला सहसा मागत नाहीत. लिमिट वाढवायचं तर आणखी ठेव ठेवायची. ठेवीवर व्याज चालूच राहतं, पण कार्ड असेपर्यंत ती ठेव मोडता येत नाही. दिवाळीच्या आसपास सोयाबीनचे पैसे आले की त्यातले पन्नास हजार असे गुंतवले तर जूनपर्यंत कार्डाचा सात-आठ महिन्यांचा चांगला इतिहासही तयार होतो. गृहिणींना आणि शिकणाऱ्या मुलांनाही हाच रस्ता बरा.

पाचवी पायरी: कधी मागायचं, किती मागायचं

कार्ड घेऊन सहा महिने तरी झालेले असावेत, वर्ष झालं असेल तर अधिक बरं. नोकरदारांनी पगारवाढ झाल्यावर नव्या पगाराच्या तीन पावत्या हातात आल्या की अर्ज करावा. व्यापाऱ्यांनी विवरणपत्र भरून झाल्यावर. जूनच्या खर्चासाठी लिमिट हवं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत मागा; तेव्हा कार्डावर बाकी कमी असते आणि नकार आला तरी परत प्रयत्न करायला वेळ राहतो. नवी नोकरी लागून महिनाच झालाय, घरकर्जाचा अर्ज चालू आहे, किंवा मागच्या महिन्यात दोन बँकांत कर्ज मागितलंय, अशा वेळी थांबा.

रकमेच्या बाबतीत अंगापेक्षा बोंगा मोठा नको. लिमिट ५०,००० असताना ८०,००० किंवा एक लाख मागणं पटतं, चार लाख मागितले तर अर्ज बघणारा बिथरतो. बँकेला तुमच्या इतर सगळ्या कार्डांची लिमिटंही धरावी लागतात, तोही नियमच आहे. चार कार्डं असतील तर चौथ्यावर वाढ मागण्यापेक्षा न वापरातलं एखादं बंद करण्याचा विचार करा. मात्र सगळ्यात जुनं कार्ड बंद करू नका, तुमचा लांब इतिहास त्याच्यावर आहे. आणि गाडीचा, घराचा, ट्रॅक्टरचा मिळून हप्ता पगाराच्या निम्म्यावर गेला असेल तर वाढ अवघडच.

प्रत्यक्ष अर्ज

बँकेचं ॲप उघडा, कार्डाच्या विभागात जा, तिथं सेवा किंवा विनंत्यांच्या यादीत ‘क्रेडिट लिमिट वाढवा’ असा पर्याय असतो. इथं ‘व्यवहार मर्यादा’ नावाचा दुसराच पर्याय दिसेल. तो एका दिवसात किती खर्च करता येईल हे ठरवायचा आहे, त्यानं मूळ लिमिट वाढत नाही.

तुमच्यासाठी आधीच मंजूर झालेली वाढ असेल तर आकडा समोरच येतो. कागदपत्रं लागत नाहीत, ओटीपी टाकला की काम झालं. तो आकडा गरजेपेक्षा जास्त वाटला आणि कमी निवडायची सोय असेल तर कमी निवडा. आकडा दिसत नसेल तर उत्पन्नाचे कागद चढवून विनंती टाकावी लागते. पीडीएफला पासवर्ड असेल तर आधी काढून टाका, फोटो धूसर नको, आणि नाव सगळीकडं सारखं हवं. आधारवर वडिलांचं नाव मध्ये आहे आणि पॅनवर नाही, एवढ्यावरून अर्ज अडकतात. गाव सोडून पुण्याला गेलेल्यांनी पत्ताही बघून घ्यावा.

ॲप जमत नसेल तर कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करा. मराठीचा पर्याय बऱ्याच ठिकाणी मिळतो. काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवा. साधारण असं:

‘नमस्कार मॅडम, माझं कार्ड दीड वर्ष जुनं आहे, सगळी बिलं वेळेवर पूर्ण भरली आहेत. एप्रिलपासून पगार वाढलाय. मला लिमिट ५० हजारांवरून ९० हजार करून हवंय, कायमचं. यासाठी तुम्ही ब्युरोकडं नवी चौकशी टाकणार आहात का? कार्डाचा प्रकार किंवा वार्षिक शुल्क बदलणार आहे का? विनंतीचा नंबर द्या, मी लिहून घेतो.’

यातले दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. ब्युरोकडं अधिकृत चौकशी गेली की स्कोअर थोडा उतरतो. एकदा उतरला तर बिघडत नाही, पण महिन्यात तीन बँकांत विचारलं की माणूस कर्जाच्या मागं लागलाय असं दिसतं. दुसरा प्रश्न शुल्काचा. लिमिट वाढवतो म्हणत महागडं कार्ड गळ्यात घालायची पद्धत आहे. तसंच ‘तुम्हाला दोन लाख मंजूर’ असा मेसेज कधी कधी लिमिटचा नसतोच, तो कार्डावरच्या कर्जाचा असतो, आणि होय म्हटलं की पैसे खात्यात येऊन हप्ता सुरू होतो. वाचून मग बटण दाबा.

लग्न किंवा दवाखान्यापुरतं हवं असेल तर तात्पुरती वाढ मागता येते. मुदत संपली की लिमिट परत खाली येतं, तेव्हा बाकी त्याच्या वर राहिली तर लिमिट ओलांडल्याचं शुल्क लागू शकतं. मुदतीची तारीख विचारून ठेवा.

तुमच्या संमतीशिवाय बँकेला लिमिट वाढवता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत ते स्पष्ट आहे. कमी करायचं असेल तर ते कळवणंही बंधनकारक आहे.

फोन आला तर

लिमिट वाढवून देतो असा फोन आला, ओटीपी मागितला किंवा व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) पाठवली, तर फोन ठेवा. ओटीपी फक्त बँकेच्या ॲपमध्ये स्वतःच्या हातानं टाकायचा असतो, तोंडानं कुणालाच सांगायचा नसतो, कितीही शुद्ध मराठीत बोलत असला तरी. पैसे गेलेच तर लगेच बँकेला फोन करून कार्ड बंद करा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. ओटीपी तुम्ही स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंत झालेलं नुकसान सहसा तुमच्याच माथी येतं, म्हणून लाजून दोन तासही घालवू नका.

नकार आला तर

कारण विचारा आणि लिहून घ्या. ‘अंतर्गत धोरण’ असं गुळमुळीत उत्तर येईल, तेव्हा रिपोर्ट परत काढून पहिल्या दोन पायऱ्या तपासा. कधी कधी तुमचा काहीच दोष नसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं क्रेडिट कार्डाच्या उधारीसाठी बँकांना जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं, तेव्हापासून बँका हात आखडूनच वाढ देतात. लगेच दुसऱ्या बँकेकडं धावू नका, तीन ते सहा महिने नेटानं भरणा करा आणि परत मागा. दरम्यान ठेवीवरचं कार्ड घ्यायला हरकत नाही.

बँकेनं चुकीचं शुल्क लावलं, न विचारता लिमिट बदललं किंवा कार्ड माथी मारलं, तर ती तक्रारीची गोष्ट आहे. आधी बँकेकडं लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार फुकट करता येते, माहितीसाठी १४४४८ वर फोन लावा. लिमिट दिलं नाही एवढ्यासाठी मात्र तिथं जाऊन उपयोग नाही, तो बँकेचा व्यवसायाचा निर्णय आहे.

वाढ मिळाल्यावर

त्याच दिवशी ॲपमध्ये जाऊन व्यवहार मर्यादा बसवा. परदेशी व्यवहार बंद, ऑनलाइनची मर्यादा गरजेपुरती. पिन न टाकता नुसतं कार्ड टेकवून ५,००० रुपयांपर्यंत जातात, ती सोय नको असेल तर बंद करता येते. लिमिट लाखाचं झालं म्हणून प्रत्येक व्यवहाराला लाखाचं दार उघडं ठेवायची गरज नसते.

मग पाहुण्यांचा विषय येतो. लिमिट वाढल्याचं घरात कळलं की दाजींना फ्रीज, मेहुण्याला लॅपटॉप, मित्राच्या दुकानाचा माल, सगळं तुमच्या कार्डावर. पैसे ते वेळेवर देतीलही. पण एका आर्थिक वर्षात कार्डाच्या बिलांपोटी खात्यातून दहा लाख किंवा जास्त भरले गेले, किंवा रोखीनं एक लाख भरले, तर बँक ते प्राप्तिकर खात्याला कळवते. विवरणपत्रात पाच लाख उत्पन्न आणि कार्डाचा भरणा अकरा लाख असं जुळत नाही, नोटीस येते. तेव्हा ‘ते दाजींचे पैसे होते’ हे दाखवायला दाजींनी तुमच्या खात्यावर पाठवलेली रक्कम उताऱ्यात दिसावी लागते. नाही म्हणता येत नसेल तर पैसे आधी खात्यावर मागा, रोख घेऊ नका, आणि मग कार्ड घासा.